आकाशकंदील घरीच करायचा, पण कोणता? कामट्यांचा, चांदणीचा, कार्डशीटचा की कापडी

दिवाळीला घरी केलेला आकाशकंदील लावायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती आकाराची, आणि निवड चुकते ती तिथेच. आधी ठरवायचं ते हे: कंदील टांगणार कुठे, बाहेर राहणार किती दिवस, आणि पुढच्या वर्षी पुन्हा लावायचा आहे का. वसुबारसेला लावून भाऊबीजेनंतर उतरवायचा असेल तर साधा कागदही पुरतो. त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत उघड्या गॅलरीत ठेवायचा असेल तर रोज रात्री त्यावर दव पडणार, दुपारी ऊन लागणार, आणि परतीचा पाऊस रेंगाळलाच तर एखादी सरही झेलावी लागणार.

घरी सहज जमणारे प्रकार चार. आमचा कौल आधीच सांगतो: दोन संध्याकाळी हाताशी असतील तर कामट्यांचा, म्हणजे बांबूच्या चिरलेल्या पातळ काड्यांचा, पारंपरिक कंदीलच करा, कारण त्याचा सांगाडा वर्षानुवर्षं टिकतो आणि दरवर्षी फक्त कागद बदलावा लागतो. बाकीचे तीन कधी बरे पडतात तेही पुढे आहेच.

कामट्यांचा पारंपरिक कंदील

बारा कोपरे, चोवीस कडा, सहा चौकोन आणि आठ त्रिकोण असा हा आकार. बघायला अवघड वाटतो, पण त्यात एक सोय दडलेली आहे. चोवीस सारख्या कामट्यांचे सहा सुटे चौकोन बांधायचे आणि ते कोपऱ्याला कोपरा लावून एकमेकांना जोडायचे. आठही त्रिकोण मधल्या रिकाम्या जागेत आपोआप तयार होतात, त्यांच्यासाठी वेगळी काडी लागत नाही. एक चौकोन वर आडवा, एक खाली आडवा, आणि बाजूचे चार कोपऱ्यावर उभे.

कामटी 20 सेंटिमीटरची घेतली तर कंदील साधारण 28 सेंटिमीटर उंच होतो आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत 40 सेंटिमीटर रुंद. घराच्या दाराला हे माप शोभतं. 60 सेंटिमीटरच्या आठ कामट्यांतून चोवीस तुकडे निघतात. दोन जास्तीच्या घ्या, चिरताना एखादी फुटतेच. पतंगाच्या कागदाचा ताव सुमारे 50 बाय 75 सेंटिमीटरचा असतो. एका तावात बाजूचे चार चौकोन बसतात, दुसऱ्यात आठही त्रिकोण, तिसरा आणि चौथा शेपट्या आणि कागदी करंज्यांसाठी. चौकोन 22 सेंटिमीटरचे कापा आणि त्रिकोण साडेतेवीसचे, म्हणजे सगळीकडून एकेक सेंटिमीटर कडेवर दुमडायला मिळतो.

कामट्या पुण्यात बुरूड आळीत मिळतात, इतर गावांतही बुरडांकडे, म्हणजे बांबूकाम करणाऱ्यांकडे, विचारावं. परदेशात असाल तर बांबूच्या 25–30 सेंटिमीटरच्या बार्बेक्यूच्या काड्या चांगलं काम देतात, मात्र टोक कापून सगळ्या एका लांबीच्या करून घ्या.

आता कुठे बिघडतं ते. पहिली चूक कामट्यांच्या जाडीची. एक कामटी जाड आणि शेजारची बारीक असेल तर बारीक वाकते आणि कंदील एका अंगाला कलतो. सगळ्या कामट्या बोटांत धरून वाकवून बघा. जी फार लवते ती बाजूला काढा. दुसरी चूक गाठीची. नुसता दोरा गुंडाळला की तो टोकावरून निसटतो, म्हणून टोकापासून 3 मिलिमीटरवर सुरीने बारीक खाच पाडा, दोरा तिथून घट्ट फिरवा आणि गाठीवर फेव्हिकॉलचा थेंब सोडा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती कोणी सांगत नाही म्हणून बरेच जण या टप्प्यावर कंटाळून सोडून देतात. चौकोन बांधून झाल्यावर सांगाडा डुगडुगतो, पिळवटतो, हातात धरला की चपटा होतो. यात तुमच्या गाठींचा दोष नाही. चार काड्यांचा चौकोन मुळात डुगडुगतोच. त्याला ताठ ठेवतो तो कर्ण. वरच्या आणि खालच्या चौकोनात 28 सेंटिमीटरची एकेक कामटी कर्णावर बांधा (वरच्या कामटीला पुढे बल्बचा होल्डर अडकवता येतो). बाजूच्या चार चौकोनांत दोन्ही कर्णांवर सुती दोरा ताणून बांधा, दोन्ही दोरे सारख्या लांबीचे भरले म्हणजे चौकोन काटकोनात आला. मग आठ त्रिकोणांकडे नजर टाका. ते सारखे दिसत असतील तर सांगाडा सरळ आहे. त्यानंतर कागद चिकटला की दोऱ्याचं काम कागद करतो. दोरे आतच राहिले तरी उजेडात फारसे दिसत नाहीत.

चिकटवायला खळ करा. दोन चमचे मैदा आधी थंड पाण्यात कालवून घ्यायचा, मग एकूण वाटीभर पाणी घालून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं. गरम पाण्यात मैदा टाकला तर गुठळ्या होतात आणि त्या कागदाखाली उठून दिसतात. खळीचा मोठा फायदा पुढच्या वर्षी कळतो: ओल्या फडक्याने कडा भिजवल्या की जुना कागद सोलून निघतो आणि कामटी स्वच्छ राहते. फेव्हिकॉलचा थर खरवडावा लागतो. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण ते विषारी असतं. घरात लहान मुलं हात लावणार असतील तर ते टाळाच आणि खळ त्या दिवशीच संपवा.

कागद आधी त्रिकोणांना लावा, नंतर चौकोनांना, म्हणजे चौकोनांच्या कडा वर येऊन नीटस दिसतात. कागद सैल बसला तर वाळल्यावर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. सुकताना तो ताणला जातो. गडद रंगाचा कागद मात्र रंग सोडतो, म्हणून आधी तुकड्यावर बघा. मधल्या चार कोपऱ्यांवर करंज्या, कडांना सोनेरी पट्टी, आणि खालच्या चौकोनाच्या चारही बाजूंना 20 सेंटिमीटर रुंद, 45 ते 60 सेंटिमीटर लांब कागद, वरचे 3 सेंटिमीटर सोडून दीड-दीड सेंटिमीटरच्या झिरमिळ्या कापलेला. उंच इमारतीत वारा फार असेल तर शेपट्या 30 सेंटिमीटरच ठेवा, लांब शेपट्या दोन दिवसांत एकमेकींत गुंतून फाटतात.

बांबूची चांदणी

दिवाळीबरोबर नाताळलाही उपयोगी पडेल असं काही हवं असेल तर पाच टोकांची चांदणी करा. वसईत आणि गोव्यात डिसेंबरमध्ये घरोघरी चांदण्या लागतात. तुमच्याकडे दोन्ही सण असतील, किंवा शेजारी नाताळ असेल, तर एकाच सांगाड्यावर कागद बदलून काम होतं.

45 सेंटिमीटरच्या दहा कामट्या आणि 8 सेंटिमीटरचे पाच तुकडे. पाच कामट्यांची एक सपाट चांदणी, अशा दोन. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून 17 सेंटिमीटरवर खूण करा. कामट्या एकमेकींना तिथेच छेदल्या पाहिजेत. खुणा न करता अंदाजाने बांधलं की एक पाय लांब आणि एक आखूड होतो, आणि चांदणीत ही चूक लांबूनही दिसते. दोन चांदण्या एकावर एक ठेवून पाचही टोकं बांधायची, मग आतल्या पाच छेदबिंदूंमध्ये 8 सेंटिमीटरचे तुकडे उभे अडकवून पोट फुगवायचं. कामटी जाड असेल तर ती वाकायला तयार नसते आणि टोकाची गाठ सुटते, म्हणून इथे कामट्या पारंपरिक कंदिलापेक्षा बारीक तासलेल्या हव्यात.

45 सेंटिमीटरचं माप मुद्दाम निवडलं आहे: या मापात चांदणीची पूर्ण दर्शनी बाजू एका तावातून अखंड निघते. 60 सेंटिमीटरच्या कामट्या घेतल्या तर तुकडे जोडावे लागतात आणि जोड उजेडात काळे दिसतात. पाठीमागचा मधला पंचकोन एका बाजूनेच चिकटवा, तोच दिवा घालायचा दरवाजा.

पारंपरिक कंदिलापुढे चांदणी कमी पडते ती दोन ठिकाणी. पोट फक्त 8 सेंटिमीटर असल्याने साधा एलईडी बल्ब आत जवळजवळ कागदाला टेकतो. अर्ध्या वॅटचा छोटा दिवा किंवा एलईडीची माळच घालावी लागते, त्यामुळे उजेड मंद. शिवाय ती एकाच दिशेने देखणी. भिंतीलगत किंवा खिडकीत लावायची असेल तर उत्तम. अंगणाच्या मधोमध, चारही बाजूंनी दिसेल अशा जागी लावू नका.

कार्डशीटचा

मुलांच्या हाताने तासाभरात होतो आणि सर्वांत स्वस्त पडतो. 180 ते 220 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या जाडीचं माप, दर चौरस मीटरला ग्रॅम) ए-फोर कागद लांबीत मधोमध दुमडायचा, घडीच्या बाजूने दीड-दीड सेंटिमीटरवर चिरा द्यायच्या आणि उघड्या कडेपाशी अडीच सेंटिमीटर सोडायचे. उघडून गोल केला की 21 सेंटिमीटर उंच आणि सुमारे 9 सेंटिमीटर व्यासाचा कंदील होतो. आत पिवळ्या कागदाची 17 सेंटिमीटर उंच नळी. आतली नळी बाहेरच्यापेक्षा 4 सेंटिमीटर बुटकी असते म्हणूनच पट्ट्या बाहेर फुगतात. दोन्ही एकाच उंचीच्या ठेवल्या की चिरा मिटलेल्याच राहतात आणि मूल हिरमुसतं. सांधा डिंकापेक्षा स्टेपलने पक्का करा, दवाने डिंक सुटतो.

उघड्यावर हा चार-पाच दिवसांचा पाहुणा. घरात, शाळेत, तोरणासारखे सात-आठ लावायला छान.

कापडी

ज्यांना दरवर्षी चिकटवाचिकटवी नको, त्यांच्यासाठी. 3 मिलिमीटर तारेच्या 25 सेंटिमीटर व्यासाच्या दोन रिंगा, 82 बाय 40 सेंटिमीटर कापड, वर-खाली अडीच-अडीच सेंटिमीटरचा नेफा. तारेची परिमिती 78.5 सेंटिमीटर येते, म्हणून टांगायच्या तीन दोऱ्या 26 सेंटिमीटरच्या अंतराने बांधा; दोनच बांधल्या तर कंदील वाऱ्यावर सतत तिरका होतो.

खणाचा कंदील सध्या सगळ्यांना हवा असतो आणि इथेच निराशा होते. खणाचं विणकाम दाट, त्यातून उजेड बाहेर येत नाही. दिवसा सुंदर दिसणारा कंदील रात्री नुसता काळा नळ दिसतो. खण किंवा जुन्या साडीचे काठ फक्त वर-खाली सहा-आठ सेंटिमीटरच्या पट्ट्यांसाठी घ्या आणि मधे पांढरं किंवा पिवळं मलमल लावा. उभा धागा उभाच ठेवा, नाहीतर पंधरा दिवसांत कापडाला पोट सुटतं. सगळं कापड शिवण्याआधी वेगवेगळं धुऊन घ्या: खणाचा रंग मलमलवर उतरतो आणि सुती कापड आटतं. सिंथेटिक कापड फटाक्याच्या ठिणगीने वितळतं आणि पेटलं तर जळते थेंब खाली पडतात. ज्या दाराशी मुलं फुलबाज्या उडवणार तिथे ते नको. सुतीही पेटतंच, म्हणून अशा जागी उंचावर टांगणं भाग आहे.

कापड विकत आणलं तर हा चौघांत महाग, जुन्या साडीतून केला तर फक्त तारेचा खर्च. उतरवल्यावर दोन्ही रिंगा एकमेकींवर येऊन पोळपाटाएवढी सपाट घडी होते. छोट्या फ्लॅटमध्ये हा मुद्दा निर्णायक ठरू शकतो, कारण कामट्यांचा सांगाडा वर्षभर माळ्यावर जागा अडवतो.

थर्मोकोलचा विचार करत असाल तर सोडून द्या. महाराष्ट्रात 2018 पासून थर्मोकोलच्या सजावटीला बंदी आहे, आणि उष्णतेने ते आक्रसतंही.

दिवा आणि रंग

चौघांनाही लागू होणारं थोडं. जुना 60 वॅटचा पिवळा बल्ब कागदी कंदिलात कधीच नको. ज्याला आपण झिरोचा बल्ब म्हणायचो तोही प्रत्यक्षात 15 वॅटच्या आसपास वीज घेत असे. पारंपरिक कंदिलात 5 वॅटचा एलईडी पुरतो. त्याची काच फार तापत नाही पण होल्डरलगतचा भाग तापतो, म्हणून कागद किंवा दोरा त्याला लागू देऊ नका. वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर उजेडाचा, घ्या. पिवळा, केशरी, लाल कागद त्यात झळकतो. निळा आणि जांभळा मात्र मरगळतो, कारण त्या उजेडात निळा अंश कमी असतो. निळा कंदील हवाच असेल तर थंड पांढरा दिवा लावा. कंदिलाचं वजन वायरवर टाकू नका, वेगळी दोरी बांधा, आणि वायरचा जोड उघड्यावर न ठेवता घरात घ्या.

दसरा ते लक्ष्मीपूजन साधारण वीस दिवस मिळतात. दसऱ्याच्या सुट्टीत सांगाडा बांधून ठेवला तर कागद वसुबारसेच्या आधीच्या रविवारी लावता येतो, फार आधी लावला तर तो धूळ खातो. धनत्रयोदशीला आठवण झाली असेल तर कामट्यांच्या नादी लागू नका. कार्डशीट आणा, आणि सांगाडा पुढच्या वर्षी करा.