आठ महिने आणि तीन वाचने: ‘द रोड’ या कादंबरीचा अनुभव

कॉरमॅक मॅकार्थी यांची ‘द रोड’ ही कादंबरी माझ्या घरी येऊन आता आठ महिने झाले. या काळात मी ती तीनदा वाचली आणि चार जणांना वाचायला दिली. त्यांपैकी एकाने ती अर्ध्यावर टाकली. पुस्तक संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी लिहिलेल्या अभिप्रायावर माझा आता फारसा विश्वास उरलेला नाही, कारण मी तेव्हा लिहायला बसले असते तर सगळा अभिप्राय नरभक्षकांनी खाण्यासाठी माणसे कोंडून ठेवलेल्या त्या तळघराच्या प्रसंगाबद्दलच झाला असता, आणि आज ते तळघर माझ्या मनात बरेच मागे पडले आहे. पुढे मी शेवटाबद्दलही बोलणार आहे, तेव्हा ज्यांना तो आधी कळायला नको असेल त्यांनी इथेच थांबावे.

कथानक दोन ओळींत सांगता येते. अमेरिकेवर काही वर्षांपूर्वी कसला तरी संहार कोसळला आहे, सगळीकडे राख आहे, सूर्य ढगांआड गेला आहे, झाडे उभ्याउभ्या मेली आहेत, आणि एक बाप आपल्या लहान मुलाला घेऊन, सुपरमार्केटमधली एक ढकलगाडी लोटत, दक्षिणेला समुद्राच्या दिशेने चालला आहे. पिस्तुलात सुरुवातीला दोन गोळ्या आहेत. उरलेल्या माणसांपैकी बरीचशी माणसेच खाऊन जगतात. बापाला नाव नाही आणि मुलालाही नाही. वाटेत भेटणारा एक म्हातारा आपले नाव सांगतो, पण पुढे तेही खरे नसल्याचे कबूल करतो.

संहार नेमका कशाने झाला, यावर वाचक अजून वाद घालतात. पुस्तकात एवढेच आहे की घड्याळे 1:17 वाजता थांबली, प्रकाशाची एक लांब तिरीप दिसली आणि मागोमाग मंद हादरे बसले. मॅकार्थी यांनी 2009 मध्ये एका मुलाखतीत आपले याविषयी काही मत नाही असे सांगितले होते. सांता फे इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेत त्यांच्या परिचयाच्या काही भूवैज्ञानिकांना मात्र हा उल्कापाताचा परिणाम वाटला होता. मला या वादापेक्षा त्या रात्रीचा पुढचा क्षण मोलाचा वाटतो. तो बाप उठून न्हाणीघरात जातो आणि टबाचा नळ पूर्ण सोडतो. बायको विचारते की आत्ता आंघोळ कशाला, आणि तो म्हणतो की मी आंघोळ करत नाही आहे. उद्या पाणी येणार नाही अशी नुसती कुणकुण लागताच ज्यांच्या घरी पिंप, कळश्या आणि पातेलीसुद्धा भरून ठेवली जातात, त्या वाचकाला हा माणूस एका वाक्यात ओळखीचा होतो.

भाषेबद्दल तक्रार करणारे बरेच भेटतील. प्रकरणे नाहीत, अवतरणचिन्हे नाहीत, स्वल्पविराम मोजके, आणि कोण बोलते आहे ते वाचकाने अंदाजाने ओळखायचे. मला पहिल्या पंधरा-वीस पानांपर्यंत त्रास झाला आणि मग तो जाणवेनासा झाला. आपल्या बखरी आणि जुनी पत्रेही विरामचिन्हांवाचूनच लिहिली जात होती. ही चिन्हे मराठीत रुळली ती एकोणिसाव्या शतकात, ब्रिटिश अधिकारी मेजर कँडी यांच्या प्रयत्नांमुळे, हे लक्षात घेतले तर बिचकण्याचे कारण राहत नाही. अडचण खरी येते ती शब्दांमध्ये. वाक्ये सोपी असतात आणि मधेच एखादा असा शब्द येतो की साधा शब्दकोश पुरत नाही. दुसऱ्या वाचनात मी तसे शब्द सरळ ओलांडून पुढे गेले आणि काही बिघडले नाही.

संवाद मात्र ओलांडता येत नाहीत. ते दोन-तीन शब्दांचे असतात, आणि बहुतेकांचा शेवट दोघांनी आळीपाळीने ‘ओके’ म्हणण्यात होतो. त्यांतले पुष्कळसे बोलणे आपल्या मुलाशी प्रत्यक्ष झालेले, जसेच्या तसे उतरवलेले आहे, असे मॅकार्थी यांनी सांगून ठेवले आहे. पुस्तक त्या मुलालाच अर्पण केलेले आहे. मॅकार्थी यांचा जन्म 1933 चा आणि कादंबरी आली 2006 मध्ये, म्हणजे लेखक त्र्याहत्तर वर्षांचे आणि मुलगा जेमतेम सात-आठ वर्षांचा. एल पासो गावातल्या एका हॉटेलात मुलगा झोपलेला असताना रात्री खिडकीशी उभे राहून, हे गाव पन्नास-शंभर वर्षांनी कसे दिसेल, या विचारातून पुस्तकाचे बीज पडले, असे ते सांगत. हे कळल्यावर मी दुसऱ्यांदा वाचायला बसले तेव्हा राख आणि नरभक्षक मागे सरकले आणि त्या बापाचा खोकला पुढे आला. आपण या पोराला पुरणार नाही हे त्याला पहिल्या पानांपासून ठाऊक आहे. 2007 मध्ये एका ब्रिटिश स्तंभलेखकाने हे पर्यावरणावरचे सर्वांत महत्त्वाचे पुस्तक ठरू शकेल असे म्हटले होते; माझ्या वाचनात ते तसे उतरले नाही.

आता मी ज्यांना पुस्तक दिले त्यांच्याविषयी. त्याच 2009 च्या मुलाखतीत मॅकार्थी यांनी सांगितले होते की वेगवेगळ्या देशांतून त्यांना जवळजवळ एकाच मजकुराची पत्रे आली: जेवण झाल्यावर पुस्तक हाती घेतले, पहाटे पावणेचारला संपवले, वर जाऊन मुलांना उठवले आणि त्यांना नुसते धरून बसलो. माझ्या नवऱ्याने तळघरापाशी पुस्तक मिटले आणि माझ्या हातात देऊन तो मुलीच्या शाळेच्या वह्यांना कव्हरे घालत बसला. धाकट्या भावाने पुस्तक पूर्ण वाचले आणि तो कंटाळला: चालतात, डबे शोधतात, खातात, झोपतात, पुन्हा चालतात. त्याचे म्हणणे खोटे नाही. मधला भाग मलाही तिसऱ्या वेळी लांबल्यासारखा वाटला. शाळेत शिकवणारी मैत्रीण चिडली ती मुलाच्या आईच्या चित्रणावर. ती बाई आता जगण्यात अर्थ नाही असे ठामपणे सांगून रात्री निघून जाते आणि जीव देते. तिच्या वाट्याला पाने तरी किती, असा मैत्रिणीचा सवाल होता. मी तिच्याशी सहमत आहे. त्या बाईचे तर्कशास्त्र नवऱ्याला खोडता येत नाही, आणि लेखकानेही ते खोडण्याऐवजी तिला लवकर बाजूला केले आहे.

या सगळ्यांशी बोलताना माझ्या लक्षात आले की जवळजवळ प्रत्येक जण बापाला निर्दोष धरून वाचतो. मीही पहिल्यांदा तसेच वाचले होते. पण आठ महिन्यांनंतर जो प्रसंग माझ्याबरोबर राहिला आहे तो चोराचा आहे. समुद्रकिनाऱ्यावर एक उपाशी माणूस त्यांची गाडी पळवतो, बाप त्याला गाठतो, आणि पिस्तूल रोखून त्याला अंगावरचे सगळे कपडे, पायांतले बूटसुद्धा, काढायला लावतो. मग त्याला त्या थंडीत रस्त्यावर नागडा सोडून दोघे निघतात. मुलगा रडत राहतो. तो काही केल्या थांबेना तेव्हा ते मागे वळतात, हाका मारतात आणि शेवटी कपडे रस्त्यात ठेवून वर दगड ठेवतात. मी त्याला मारणार नव्हतो, असे बाप म्हणतो. पण आपण त्याला मारलेच, असे मुलगा म्हणतो. सगळी काळजी तुझ्यावर नाही, या बापाच्या म्हणण्यालाही त्या मुलाने दिलेले उत्तर आहे की ती माझ्यावरच आहे. लेकरासाठी वाटेल ते करणारे आईबाप आपल्याकडे पूजले जातात. त्या ‘वाटेल ते’मध्ये काय काय येते याचा हिशेब इथे लेकरूच मागते. घरात मुलीला सुरक्षिततेच्या नावाखाली मी जे काही सांगत असते, ते सांगताना हा प्रसंग अधूनमधून आडवा येतो.

त्यामुळे शेवटाबद्दलचा सर्वसाधारण आक्षेपही मला आता पटत नाही. बाप मरतो, मुलगा तीन दिवस त्याच्यापाशी बसून राहतो आणि नेमका एक भला माणूस, बायकामुलांसह, उगवतो. हा योगायोग फार सोयीचा आहे, असे पुष्कळ वाचक म्हणतात. पण तुझ्या मागावर यावे की नाही यावर आमची चर्चा झाली होती, असे तो माणूस स्वतः सांगतो. म्हणजे ही माणसे आसपासच होती. बाप जिवंत असता तर त्याने यांना पिस्तुलाच्या टप्प्याबाहेर ठेवले असते, आणि त्याची ती खबरदारी चुकीची होती असेही म्हणता आले नसते. अनोळखी माणसावर विश्वास टाकण्याचे जे काम बापाला जमत नव्हते, ते त्याच्या मृत्यूनंतर मुलगा करतो. चोराच्या प्रसंगानंतर हा शेवट मला उसना वाटत नाही. डोंगरओढ्यांतल्या माशांविषयीचा अगदी अखेरचा परिच्छेद तेवढा दिलासा देणारा आहे की दिलासा काढून घेणारा, हे मी तिन्ही वेळा वेगवेगळे ठरवले.

2009 साली आलेला चित्रपट मी नंतर पाहिला. तो पुस्तकाशी प्रामाणिक आहे, पण आधी तो पाहू नये, कारण चेहरे ठरून जातात. पुस्तक सलग एका रात्रीत वाचू नये, असेही मी सुचवेन, जरी बहुतेकांच्या हातून तसेच घडते.

चौथे वाचक माझे बाबा होते, वय चौऱ्याहत्तर. त्यांनी तीन आठवडे घेतले, पुस्तक परत करताना त्या पोराचे पुढे बरे झाले असेल ना, एवढेच विचारले, आणि विषय बदलला. तिसऱ्या वाचनात मला एका पानाच्या समासात पेन्सिलची बारीक उभी रेघ दिसली. पुस्तकावर रेघ मारली म्हणून त्यांनी आम्हा भावंडांना लहानपणी कितीदा तरी दटावले आहे. रेघ होती ती कोकोच्या प्रसंगापाशी: बाप उरलेला कोको मुलाच्या कपात घालतो आणि स्वतःच्या कपात नुसते गरम पाणी ओततो, मुलगा ते पकडतो आणि असे करणार नाही म्हणून कबूल केले होतेस, याची आठवण देतो. बाबांची गिरणी बंद पडली त्या वर्षी ते रात्री उशिरा घरी येत आणि बाहेर खाऊन आलो आहे, भूक नाही, असे सांगत. त्या रेघेबद्दल मी त्यांना अजून काही विचारलेले नाही.