अकरा महिने गेलिक फुटबॉलचे 'पंडित' वापरून बघितले, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा मिक्सरचा किंवा फोनचा रिव्ह्यू नाहीये. डब्लिनला येऊन आम्हाला तीन वर्षं झाली, पोरगा इथल्या क्लबात गेलिक फुटबॉल खेळायला लागला आणि बापाला त्यातलं ओ की ठो कळत नाही हे काही बरं दिसत नव्हतं, म्हणून जानेवारी २०२५ मध्ये ठरवलं की अख्खा सीझन बघायचा. आणि नुसत्या मॅचेस नाही, मॅचच्या आधी, हाफटाइमला आणि नंतर स्टुडिओत बसून जी मंडळी बोलतात तीही पूर्ण ऐकायची. इथे त्यांना पंडित म्हणतात. आपल्याकडे पंडित म्हटलं की एक तर तंबोरा नाहीतर पंचांग, आणि आमच्या बाबांच्या पिढीला रेडिओवर क्रिकेटचं मराठी समालोचन करणारे बाळ पंडित आठवतील. इथले पंडित यातल्या कुणासारखेच नाहीत. इथले पंडित भांडतात.

सेटअप असा होता: आरटीई या इथल्या सरकारी टीव्हीवरचा 'द संडे गेम', जो १९७९ पासून चालू आहे, दोन पॉडकास्ट, रविवारच्या पेपरातले कॉलम, आणि शेजारी राहणारे टिरोन काउंटीचे (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) एक आजोबा. आजोबा फुकट होते आणि खरं सांगायचं तर सगळ्यात उपयोगी तेच पडले. टीव्ही लायसन्सचे वर्षाला १६० युरो तसेही भरावेच लागतात, त्यामुळे वेगळा खर्च असा फार नाही.

खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी पटकन. पंधरा-पंधरा जण, इंग्रजी एच सारखे पोल, बॉल जाळ्यात गेला तर गोल म्हणजे तीन पॉइंट, आडव्या दांडीवरून गेला तर एक. बॉल हातात घेऊन पळता येतं पण मधेमधे आपटायचा किंवा पायावरून परत हातात घ्यायचा. आणि मुख्य म्हणजे सगळे हौशी. पगार नाही, ट्रान्सफर नाही, ज्या काउंटीचे आहेत तिथूनच सहसा खेळतात. रविवारी ऐंशी हजार लोकांसमोर क्रोक पार्कवर खेळलेला माणूस सोमवारी शाळेत शिकवायला जातो. आत्ताचा सगळ्यात मोठा स्टार, केरीचा डेव्हिड क्लिफर्ड, तोही शिक्षकच आहे. हे डोक्यात ठेवा कारण पंडितांचं खरं वजन यामुळेच वाढतं. करोडोंचं कॉन्ट्रॅक्ट असलेल्या खेळाडूला टीव्हीवर शिव्या घालणं वेगळं आणि ज्याला उद्या सकाळी त्याच गावात दूध आणायला जायचंय त्याला घालणं वेगळं.

सुरुवातीचे दोन महिने मी जुन्या क्लिप बघण्यात घालवले, कारण ज्याला विचारावं तो एकच नाव घ्यायचा, जो ब्रॉली. हा डेरीचा, पेशाने बॅरिस्टर, १९९३ साली डेरीने जी आजवरची एकमेव ऑल-आयर्लंड, म्हणजे काउंट्यांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकली त्या टीममध्ये होता, गोल मारला की समोरच्यांच्या प्रेक्षकांना फ्लाइंग किस द्यायचा. म्हणजे खेळतानाही असलाच आगाऊ. आणि हाच माणूस २०१२ मध्ये क्लबातल्या एका ओळखीच्या माणसाला स्वतःची किडनी देतो, ती शेवटी टिकत नाही, आणि मग अवयवदानासाठी देशभर कॅम्पेन करतो. मला हा माणूस कुठल्या खणात ठेवावा तेच कळेना, अजूनही कळत नाही.

त्याची सगळ्यात गाजलेली क्लिप २०१३ ची. टिरोन विरुद्ध मॉनहन, मॉनहनचा फॉरवर्ड कॉनर मॅकमॅनस गोलकडे सुटलाय आणि टिरोनचा शॉन कॅव्हना त्याला मागून रग्बीसारखा धरून सरळ आडवा पाडतो, टिरोन जिंकते. ब्रॉली स्टुडिओत असा काही उखडतो की कॅव्हनाच्या खेळावर नाही, माणूस म्हणून त्याच्यावर घसरतो. कॅव्हना पेशाने अकाउंटंट हो, आणि टिरोनचा तेव्हाचा मोठा खेळाडू. क्लिप बघताना मजा येते हे मान्य करतो, मी तीनदा बघितली, आणि तिसऱ्यांदा जरा कसंतरी झालं.

आता गंमत बघा. पुढच्याच जानेवारीत, म्हणजे २०१४ पासून, असा मुद्दाम फाउल केला तर ब्लॅक कार्ड, म्हणजे खेळाडू मैदानाबाहेर, हा नियम आला. त्यामुळे अर्धं आयर्लंड सांगतं की बघा, ब्रॉली ओरडला म्हणून नियम बदलला. मीही चार महिने हेच धरून चाललो होतो आणि ऑफिसात दोघांना सांगूनही बसलो. मग कळलं की ब्लॅक कार्डचा ठराव मार्च २०१३ मध्येच पास झाला होता, म्हणजे ती मॅच व्हायच्या चार महिन्यांहून जास्त आधी! ओरडण्याचं श्रेय ओरडणाऱ्याला, काम मात्र कुठल्यातरी मीटिंगमध्ये हात वर करणाऱ्यांनी आधीच करून ठेवलेलं. इथेच माझं मत फिरायला सुरुवात झाली.

शेजारच्या आजोबांचा विषय पॅट स्पिलेन. हाही टीव्हीवरचा पंडित, केरीचा, आठ ऑल-आयर्लंड मेडल, खेळाडू म्हणून त्याच्याबद्दल दुमत नाही. पण २००३ च्या सेमीफायनलला टिरोनच्या पोरांनी केरीला ०-१३ ते ०-६ (आधी गोल, मग पॉइंट) असं गुंडाळलं, एकेका केरीवाल्यावर तीन-तीन जण तुटून पडत होते, आणि स्पिलेनने त्या खेळाला नाव ठेवलं 'प्यूक फुटबॉल', म्हणजे ओकारी आणणारा फुटबॉल. टिरोन पुढे फायनल जिंकली, त्यांची इतिहासातली पहिली, मग २००५ आणि २००८ लाही जिंकली, दोन्ही वेळा फायनलमध्ये केरीलाच हरवून. आजोबांना हे सगळं पाठ आहे, तरी बावीस वर्षांनंतरही तो शब्द काढला की चहाचा कप खाली ठेवतात. स्पिलेनचं नाव घेत नाहीत, 'तो शिक्षक' म्हणतात (तो पण शिक्षकच होता, शाळेचा प्रिन्सिपल).

मी त्यांना एकदा विचारलं की त्या शब्दाने खेळात फरक काय पडला. ते म्हणाले काही नाही, उलट सगळ्यांनी टिरोनचीच कॉपी केली. आणि ते खरंच आहे. पुढे डोनेगॉलने २०११ ला तर मॅचच अशी खेळली की सेमीफायनलचा स्कोअर डब्लिन ०-८, डोनेगॉल ०-६. सत्तर मिनिटांत चौदा पॉइंट. पंडितांनी आकाशपाताळ एक केलं. पुढच्या वर्षी डोनेगॉलने तीच पद्धत जरा सुधारून कप उचलला. मग काय, सगळेच मागे जाऊन भिंत बांधायला लागले, बॉल इकडून तिकडे हँडपास, परत कीपरकडे, परत इकडे. वीस वर्षं स्टुडिओतून बोंबाबोंब चालली होती आणि कोच लोक वीस वर्षं जे जिंकून देतं तेच करत होते. कोच टीव्ही बघून टीम लावत नाही हो, आपला सुद्धा नाही लावत.

खेळ बदलला तो नियम बदलल्यावर. जिम गॅव्हिन, डब्लिनला सहा ऑल-आयर्लंड जिंकून देणारा मॅनेजर, माणूस इतका मोजून मापून बोलणारा की इंटरव्ह्यू ऐकताना झोप यावी. त्याच्या कमिटीने आधी नियम मैदानात खेळवून बघितले, गोलला चार पॉइंट करूयात असंही करून बघितलं, जमलं नाही तर टाकून दिलं, आणि नोव्हेंबर २०२४ च्या स्पेशल काँग्रेसमध्ये, म्हणजे खेळाच्या संघटनेच्या खास सभेत, बाकीचं पास करून घेतलं. आता गोलसमोर ४० मीटरवर आखलेल्या कमानीबाहेरून मारला तर दोन पॉइंट. दर टीमचे किमान तीन जण समोरच्या अर्ध्यात राहिलेच पाहिजेत, म्हणजे सगळ्यांनी मागे येऊन भिंत बांधणं बंद. किकआउट, म्हणजे कीपर बॉल मारून खेळ परत सुरू करतो तो, त्या कमानीच्या बाहेर गेलाच पाहिजे. आपल्या कबड्डीत 'डू ऑर डाय' रेड आणून रिकाम्या रेडचा कंटाळा घालवला ना, साधारण त्याच जातीचा उपाय.

मी नेमका त्याच सीझनला घुसलो हे माझं नशीब. एओविन वादळ होऊन गेलं त्याच वीकेंडला लीग सुरू झाली आणि पहिल्याच मॅचपासून आजोबा सोफ्यावरून पुढे सरकून बसलेले. ऑक्टोबरमध्ये हे नियम कायमचे झाले, आणि त्याच सुमारास गॅव्हिनसाहेब राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतून बाहेर पडले, तो वेगळाच तमाशा, त्यात शिरत नाही.

नव्या नियमांतला माझा आवडता म्हणजे रेफ्रीशी हुज्जत घातली की बॉल ५० मीटर पुढे नेतात. मैदानावर एकदम शिस्त आली. हा नियम स्टुडिओला लावला असता तर ब्रॉलीची नोकरी वाचली असती असं मला राहून राहून वाटतं. २०१९ ची फायनल, डब्लिन-केरी बरोबरी १-१६ प्रत्येकी, डब्लिनच्या जॉनी कूपरला रेड, आणि ब्रॉली टीव्हीवर म्हणाला की रेफ्री डेव्हिड गॉफवर केरीवाल्यांच्या प्रचाराचा परिणाम झालाय. रेफ्रीच्या हेतूवरच बोट. दोन आठवड्यांनी रिप्ले होती, म्हणजे तीच फायनल परत खेळवली, त्यात ब्रॉली स्टुडिओत नव्हता, आणि नंतर 'संडे गेम'वर परत आलाच नाही. आणि त्याच वर्षी, दोन महिने आधी, आपले संजय मांजरेकर जडेजाला 'बिट्स अँड पीसेस' म्हणून बसले होते, जडेजाने सेमीफायनलला ७७ मारून तलवार फिरवली आणि मार्च २०२० मध्ये मांजरेकरांना बीसीसीआयच्या पॅनेलमधून काढलं. दोघांत फरक इतकाच की मांजरेकर खेळाडूबद्दल बोलले होते. मला विचाराल तर खेळाडूचा खेळ वाईट म्हणणं हा पंडिताचा धंदाच आहे, त्यासाठी काढणं चूक. पण रेफ्री विकला गेल्यासारखं सुचवायचं आणि पुरावा काहीच द्यायचा नाही, हे बॅरिस्टरला तरी शोभत नाही.

खेळाडूंनी परतफेड केली की मात्र जाम मजा येते. २०१४ ला ब्रॉलीने भाकीत केलं होतं की केरीची चांगले फॉरवर्ड बनवायची फॅक्टरी बंद पडली. केरी त्या वर्षी चॅम्पियन झाली, आणि केरीचा खेळाडू कियरन डोनाही फायनलनंतर लाइव्ह कॅमेऱ्यात बघून ब्रॉलीला नावाने विचारतो, बोल आता, काय म्हणणं आहे तुझं. ऑफिसातला केरीचा एकजण ही क्लिप दर पार्टीला लावतो. पंडित नसते तर तो क्षणही नसता, हे पण लिहायला हवं.

२०२५ ला हेच परत झालं. जूनमध्ये मीथने केरीला १-२२ ते ०-१६ असं धुतलं आणि 'केरी म्हणजे एकटा क्लिफर्ड' हे पालुपद सगळीकडून सुरू झालं. मीही ते उचललं आणि केरीवाल्याला जेवणाच्या सुट्टीत ऐकवलं, अगदी स्वतःचं मत असल्यासारखं. दोन आठवड्यांनी क्वार्टरफायनलला आर्मासमोर, आर्मा म्हणजे २०२४ चे चॅम्पियन, केरीने दुसऱ्या हाफमध्ये सलग चौदा पॉइंट मारले, वेगवेगळ्या लोकांनी. २७ जुलैला फायनल, डोनेगॉलला १-२६ ते ०-१९, एकोणचाळिसावा कप. सोमवारी केरीवाला माझ्या डेस्कशी आला, काही बोलला नाही, एक बिस्किट ठेवून गेला.

तेव्हा मला कळलं की मी अकरा महिन्यांत नेमकं काय शिकलो. या लोकांनी मला मॅच बघायला नाही शिकवलं, मॅचवर बोलायला शिकवलं. बघायला आजोबांनी शिकवलं: बॉलकडे नको बघू, किकआउटच्या आधी मिडफिल्डवाले कुठे सरकतात ते बघ. मे महिन्यापासून मी हाफटाइमला आवाज बंद करून बघायला लागलो आणि खरंच जास्त दिसायला लागलं. पण सोमवारी ऑफिसात बोलायला काही नसायचं. म्हणून मग रात्री हायलाइट्सवाला शो आवाजासकट. आता हीच पद्धत आहे.

नव्या पिढीचे पंडित, ज्यांना टॅक्टिक्स समजते, टच-स्क्रीनवर गोल-गोल काढून दाखवतात, ते माहिती म्हणून उत्तम, चार स्टार. पण त्यातलं एक वाक्य आठवा म्हटलं तर नाही आठवत. जुन्यांमधले कॉल्म ओरूर्क मला आवडले, इतकी वर्षं बोलून झाल्यावर २०२२ ला स्वतः मीथचे मॅनेजर झाले. २०२३ ला टेलटन कप जिंकला, म्हणजे दुसऱ्या फळीचा, आणि २०२४ ला सोडलं. बोलणं आणि करणं यातलं अंतर स्वतःच्या अंगावर मोजून घेतलं, एवढं कोण करतं.

घ्यावं का? पहिल्या सीझनला जरूर, नुसता खेळ समोर ठेवला असता तर मी मार्चमध्येच सोडला असता. दुसऱ्या सीझनला निम्मं पुरे. पॉडकास्टांपैकी एक मी बंद केलाय, दर भागात तेच दोन राग.

आजोबांना मी परवा २०२२ ची ती क्लिप दाखवली, स्पिलेनचा शेवटचा संडे गेम, केरी जिंकलेली, आणि तो १९६४ मध्ये गेलेल्या आपल्या वडिलांबद्दल बोलता बोलता रडतो, पोरं एवढी मेडल जिंकली आणि वडिलांनी एकही मॅच बघितली नाही म्हणून. आजोबा म्हणाले ती त्यांनी लाइव्ह बघितली होती, आणि तेव्हा त्यांचेही डोळे भरले होते. मग चहा पिऊन झाला, कप सिंकमध्ये ठेवला, आणि दारातून वळून म्हणाले, पण २००३ ला आम्ही चांगलंच खेळलो होतो.