एव्हीएल वृक्षावर बांधलेला मॅप: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

कामांचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या आमच्या प्रोग्राममध्ये हॅश टेबल (कीवरून थेट जागा काढून नोंद ठेवणारी रचना) काढून एव्हीएल वृक्षावर, म्हणजे स्वतःचा तोल सांभाळणाऱ्या शोधवृक्षावर, बांधलेला मॅप घातला, त्याला आता बरेच महिने झाले. मॅप म्हणजे की (शोधायची खूण) दिल्यावर तिच्याशी जोडलेली व्हॅल्यू (माहिती) देणारी रचना; आमच्याकडे वेळ ही की, काम ही व्हॅल्यू. एखादी नेमकी की शोधायची असेल तर हॅश टेबल सहसा वेगवान, त्यात वाद नाही. पण आम्हाला विचारायचं असतं की या वेळेनंतरचं पहिलं काम कोणतं, अमुक ते तमुक वेळेत काय काय आहे. हॅश टेबलला क्रम ठाऊकच नसतो, त्यामुळे सगळ्या नोंदी चाळाव्या लागतात. वृक्षात मुळापासून एकदा खाली उतरलं की उत्तर मिळतं.

आमच्या वेळा बहुतेक चढत्या क्रमानेच येतात. साध्या बायनरी वृक्षाची (लहान की डावीकडे, मोठी उजवीकडे) अशा वेळी सरळ साखळी होते. अडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस यांनी 1962 मध्ये मांडलेल्या नियमामुळे (कुठेही डाव्या-उजव्या बाजूच्या उंचीत एकापेक्षा जास्त फरक नको) दहा लाख नोंदींनाही वृक्षाची उंची 28 च्या पुढे जात नाही. लाल-काळ्या वृक्षात (तोल सांभाळणाऱ्या दुसऱ्या प्रकारात) उंचीची वरची मर्यादा 40 च्या जवळ आहे, पण तिथे नोंद काढताना तीनपेक्षा जास्त रोटेशन (तोल साधण्यासाठी वर-खाली केलेली अदलाबदल) लागत नाहीत. आमच्याकडे शोध जास्त, बदल कमी, म्हणून एव्हीएल.

सी++ चा मॅप किंवा जावाचा ट्रीमॅप आयता असताना स्वतः का लिहायचा? ‘या वेळेआधी किती कामं आहेत?’ याचं उत्तर ते दोन्ही एकेक नोंद मोजूनच देतात. आम्ही प्रत्येक नोडमध्ये (वृक्षातल्या एका नोंदीच्या जागेत) त्याच्या उपवृक्षातल्या, म्हणजे त्याच्यासकट खालच्या भागातल्या, नोंदींची संख्या ठेवली आणि हा प्रश्नही एका उतरणीत सुटला. रोटेशन करताना उंचीबरोबर ही संख्याही बदलावी लागते, एवढंच. आधी खाली गेलेल्या नोडची, मग वर आलेल्याची.

खरा कस लागतो तो नोंद काढताना. दोन मुलं (खाली जोडलेले नोड) असलेला नोड काढायचा तर क्रमाने पुढच्या नोडमधली की आणि व्हॅल्यू त्यात उतरवून तो पुढचा नोड पुसायचा, असं सर्रास शिकवतात. चालतं, पण त्या पुढच्या नोडचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) दुसऱ्या कोणी धरून ठेवला असेल तर तो निकामी होतो. म्हणून मजकूर न हलवता नोडच उचलून नव्या जागी जोडावा. कोड वाढतो, पण इटरेटर (नोंदींवरून क्रमाने पुढे सरकणारे दर्शक) शाबूत राहतात, आणि वेळापत्रकावर फिरता फिरता कामं काढायची असतात तिथे हे फार मोलाचं आहे.

दोन कींची तुलना करणाऱ्या फंक्शनमध्ये ‘पेक्षा लहान’च हवं. ‘लहान किंवा समान’ लिहिलं की असलेली की सापडत नाही आणि तीच दुसऱ्यांदा घुसते.

मेमरी मात्र खाते. 64 बिटच्या मशीनवर तीन पॉइंटरचे (दोन मुलं आणि वरचा नोड) 24 बाइट प्रत्येक नोडला लागतात, उंची आणि संख्या वेगळीच. नोड विखुरलेले असल्याने पूर्ण यादी वाचताना सलग अ‍ॅरे सहज पुढे जातो. रस्ट भाषेतला बीट्रीमॅप एका नोडमध्ये 11 पर्यंत की ठेवतो तो याचसाठी. नोंदी एकदाच भरून फक्त वाचायच्या असतील तर क्रमाने लावलेला अ‍ॅरे घ्या, वृक्षाच्या वाटेला जाऊ नका. सतत भर पडते, नोंदी निघतात आणि क्रमही हवा असतो, तिथे मी हाच मॅप पुन्हा निवडेन.