कळसूबाईचा पावसाळी ट्रेक आणि आमचे गेलेले पैसे

आमच्या सोलापुरात जुलै बऱ्याचदा ढग दाखवून निघून जातो. जोराचा पाऊस येतो तो सप्टेंबरात, परतीचा. त्यामुळे इन्स्टाग्रामवर धबधबे आणि धुक्यातल्या शिड्या दिसल्या की आम्ही सगळे हरखून जातो. मीही हरखलो आणि सहा जणांना सोबत ओढलं. त्यातला एक माझा मावसभाऊ, नुकतीच बारावी झालेला. मावशीला शब्द मी दिला होता, म्हणून हे लिहिताना अजून हात जड होतो.

जाहिरात होती ‘सोलापूर ते कळसूबाई’. माणशी 2,800 रुपये. त्यात गाडी, नाश्ता, जेवण, प्रवेशशुल्क, अनुभवी लीडर आणि विमा. विम्यासाठी म्हणून सगळ्यांच्या आधार कार्डांचे फोटो मागितले, आम्ही दिले. पैसे यूपीआयने गेले ते कुणा एकाच्या खासगी खात्यावर, संस्थेच्या नव्हे. ते नाव स्क्रीनवर दिसलं होतं. दिसूनही मी पुढे पिन टाकला. पावती मागितली तर व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा आला.

निघायच्या आदल्या दिवशी घाटमाथ्याला ऑरेंज अलर्ट असल्याची बातमी आली. फोन केला तर आयोजक म्हणाला, “दादा, टीव्हीवाले घाबरवतात. हे बघा,” आणि एक स्क्रीनशॉट पाठवला. त्यात ‘हलका पाऊस’ लिहिलेलं होतं. आम्ही निवांत झालो. तो अंदाज अहिल्यानगर शहराचा होता, हे मला परत आल्यावर कळलं. जिल्हा तोच, पण शहर पर्जन्यछायेत, आणि कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव तिथून शंभरहून अधिक किलोमीटर पश्चिमेला, थेट सह्याद्रीत. नुसतं जिल्ह्याचं नाव बघून हवामान ठरवता येत नाही. घाटमाथ्याचा अंदाज हवामान खातं वेगळा देतं, तो बघा.

करमाळा, संगमनेर, अकोले, राजूर करत पहाटे बारीत पोचलो. गाडीत आम्ही सोळा जण, पण आयोजक नव्हता. ‘लीडर पायथ्याला भेटतील’ असा निरोप होता. भेटला तो एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा. पाचशे रुपये देतो म्हणून त्याला बोलावलं होतं, आणि तोही कळसूबाई पहिल्यांदाच चढत होता. त्याच्याकडे दोर नव्हता, प्रथमोपचाराची पेटी नव्हती. प्रवेशशुल्क आम्हीच भरलं. नाश्त्याचं नाव नाही. घरून आणलेल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती म्हणून निभावलं.

चहाच्या टपरीवरच्या मावशींनी आम्हाला अडवलं होतं. “आज नका जाऊ बाबांनो. वर वारं लई हाय, माणूस उभं ऱ्हात न्हाई.” आम्ही ऐकलं नाही. एवढे पैसे भरलेत, एवढ्या लांबून आलोय, हेच डोक्यात.

शिखर 1,646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच. वाटेत कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या आहेत. एका शिडीच्या मध्यावर असताना असा वारा आला की मावसभावाचा पोंचो फुगून त्याच्या तोंडावर बसला. त्याला काही दिसेना. तो दोन्ही हातांनी कठडा धरून थिजला आणि मला हाका मारायला लागला. मी त्याच्या चार पायऱ्या खाली. पावसात माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. वरून गावातले एक काका उतरत होते. त्यांनी त्याच्या डोक्यावरून पोंचो ओढून काढला आणि एकेक पायरी सांगत त्याला खाली आणलं. मग आम्हा सोळाही जणांना तेच उतरवत राहिले. लीडर म्हणून आलेला मुलगा आमच्यापेक्षा जास्त रडत होता. त्याच्यावर माझा राग नाही, तोही फसलाच होता.

गाडीपाशी नवीनच ऐकायला मिळालं. भाडं 18,000 ठरलेलं, आणि ड्रायव्हरला पोचलेत फक्त 5,000. उरलेले द्या, नाहीतर गाडी हलणार नाही. आयोजकाचा फोन बंद. माणशी आठशेच्या वर काढून दिले आणि सोलापूर गाठलं.

एवढ्यावर मी शहाणा व्हायला हवं होतं. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. अगदी नम्र. “झालं त्याबद्दल माफ करा दादा, तुम्हा सातही जणांचे निम्मे पैसे परत करतो.” सात जणांचे 19,600, त्याचे निम्मे 9,800. हिशेब चोख, म्हणून शंका आली नाही. क्यूआर कोड पाठवला, म्हणाला स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील. मी टाकला. 9,800 माझ्याच खात्यातून गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो द्यायला. हे मला माहीत होतं, तरी पैसे परत मिळणार या घाईत हात चालला.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी, लाजेपोटी रात्रभर गप्प बसून. तुम्ही तसं करू नका. लगेच कळवलं तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता असते. माझे तोवर काढून झाले होते. साहसी पर्यटनाच्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी असं राज्याचं 2021 चं धोरण आहे. पैसे भरण्याआधी नोंदणी क्रमांक मागा, विम्याच्या पॉलिसीचा क्रमांक मागा. आम्ही यातलं काहीच विचारलं नाही. आधार द्यावंच लागलं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. आमची सात कार्डं अजून त्या माणसाकडे आहेत.

परवा मावसभावाने मला एक जाहिरात दाखवली. नाव वेगळं, नंबर वेगळा, ‘सोलापूर ते हरिश्चंद्रगड, पावसाळी बॅच’. खाली फोटो आमचाच, बारीत चढायला सुरुवात करण्याआधी त्या मुलाने काढलेला. मावसभाऊ मधोमध उभा आहे, तोच पोंचो घालून, हसत.