घांघरियाचं माहिती केंद्र : घाटीत जाण्याआधीची संध्याकाळ इथं घालवा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची ट्रेकर मंडळी पावसाळ्यात उत्तराखंडातल्या फुलांच्या घाटीला, म्हणजे व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला निघतात. गोवा एक्सप्रेसनं निजामुद्दीन, पुढं ऋषिकेश, जोशीमठ, गोविंदघाट, जीपनं पुलना आणि तिथून नऊ-दहा किलोमीटर चढून घांघरिया. एवढा खटाटोप झाल्यावर मॅगी खाऊन रजईत शिरावंसं वाटणारच. पण घांघरियातलं माहिती केंद्र बघायची खरी वेळ तीच. घाटी बघून आल्यावर गेलात तर निम्मा उपयोग गेला.

केंद्र लहान आहे, झगमगाट नाही. गावकऱ्यांची इको डेव्हलपमेंट कमिटी ते चालवते. फुलांचे फोटो, विकायला पुस्तकं आणि संध्याकाळी घाटीवरची फिल्म, एवढाच पसारा. माहिती हिंदी-इंग्रजीत. फिल्मची वेळ दुपारी पोचल्या पोचल्या विचारून ठेवा, कारण डोंगरातल्या विजेचा भरवसा धरता येत नाही.

फिल्म का बघायची? घाटीत झाडाझाडाला पाट्या लावलेल्या नाहीत. नजर तयार नसेल तर सगळं एकसारखं रंगीत गवत दिसतं, आणि माणूस ‘फोटोत होतं तेवढं काही नाही’ म्हणत परततो. शिवाय फुलं महिन्यागणिक बदलतात. जूनमध्ये बर्फ वितळेल तशा प्रिम्युला येतात, जुलैत जिरेनियम, पोटेन्टिला आणि खडकांच्या आडोशाला निळी पॉपी. ऑगस्टात उतारच्या उतार गुलाबी होतात ते हिमालयी तेरड्यानं. चोर्ला-जांबोटीकडं पावसाळ्यात दिसणाऱ्या तेरड्याचाच हा भाऊबंद, पण छातीपर्यंत उंच. पाकळीमागची आकडी बघितली की लगेच ओळख पटते. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत बहर सर्वांत दाट. सप्टेंबरात बिया धरतात, घाटी पिवळी पडायला लागते.

तेरड्याइतकंच माजलेलं दुसरं एक झाड म्हणजे पॉलिगोनम. ते मात्र कौतुकानं बघायचं नाही. 1982 साली राष्ट्रीय उद्यान झालं, मग मेंढपाळांची चराई बंद झाली आणि हे तण फोफावलं, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. सगळ्यांना ते पटत नाही. वनखातं हे तण उपटून काढतं. उपटलेले ढीग दिसले तर फुलं तोडली म्हणून ओरडू नका.

ब्रह्मकमळाबद्दल तिथं आवर्जून विचारा. आपल्याकडं कुंडीत रात्री फुलतं ते निवडुंगाच्या जातीचं. हे वेगळं, फिकट पिवळसर कागदी पानांत गुंडाळलेलं. घाटीच्या तळाशी ते शोधत बसू नका, हेमकुंड या शीख तीर्थाच्या वाटेवर वरच्या टप्प्यात मिळतं. हेमकुंड 4,329 मीटरवर, घांघरिया साधारण 3,050 वर. सहा किलोमीटरात एवढी उंची चढायची. म्हणून आधी घाटी, दुसऱ्या दिवशी हेमकुंड. उलट केलं तर गुडघे बोलतात आणि घाटीत तिसऱ्या किलोमीटरलाच बसायची पाळी येते.

एक घोटाळा नेहमी होतो: माहिती केंद्र म्हणजे परवान्याची खिडकी नव्हे. परवान्याचं काम वनखात्याचं. त्यांची चौकी गावाबाहेर, हेमकुंडची वाट उजवीकडं सुटते तिथून घाटीच्या वाटेनं पुढं गेल्यावर. फाटक सकाळी 7ला उघडतं. दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि संध्याकाळी 5च्या आत बाहेर पडावं लागतं. आत मुक्कामाला परवानगी नाही, खेचरंही नाहीत. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी गावातून पाठीवरच्या टोपलीची ‘कंडी’ ठरवता येते. शुल्क आणि वेळा हंगामागणिक बदलू शकतात, ते मात्र केंद्रात विचारून घ्यावं.

खेळ संपल्यावर लगेच उठू नका. वाटाड्या हवा असेल तर तिथंच चौकशी करा. वाट चुकण्यासारखी नाही, त्यामुळं रस्ता दाखवायला वाटाड्या लागत नाही, फुलं दाखवायला लागतो. पुष्पावती नदीचा पूल ओलांडून खडा चढ, मग घाटी उघडते. 1939 साली फुलं गोळा करताना कड्यावरून पडून वारलेल्या इंग्रज वनस्पती-अभ्यासक जोन मार्गारेट लेग यांचं थडगं बरंच आत आहे. तिथवर जाऊन 5च्या आत परतायचं तर 7लाच फाटकावर उभं राहायला हवं.

आपल्याकडच्यांसाठी आणखी थोडं. कणकुंबी-आंबोलीचा पाऊस अंगावर घेतलेल्यांना तिथली रिपरिप किरकोळ वाटते, पण ती थंड असते. गणपत गल्लीतला पातळ रेनकोट वाऱ्यात फाटतो. जाड पोंचो आणि कोरडे मोजे घ्या. पुलन्याहून वरची फरसबंदी खेचरांच्या लिदीनं निसरडी होते, गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत. घांघरियात एटीएमच्या भरवशावर राहू नका, पैसे जोशीमठातच काढा. आणि बद्रीनाथ मार्गावर दरड कोसळली की गाड्या अडकतात, तेव्हा परतीचं रिझर्वेशन दोन दिवस मोकळे सोडूनच करा.