'फक्त बाह्य वापरासाठी' असे छापलेली बाटली आणि माझी फसवणूक

दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत अंगावरून पारदर्शक, ताणला तर तार धरणारा स्राव जातो, हे मला वयात आल्यापासून ठाऊक होते. तरीही चौतिसाव्या वर्षी तोच स्राव म्हणजे आजार आहे, असे एका अनोळखी बाईने फोनवर सांगितले आणि मी ते खरे मानले. त्यापायी माझ्या एका महिन्याच्या पगारातले 80 टक्के गेले: पहिल्या खेपेला 10, दुसऱ्या खेपेला 20 आणि तिसऱ्या खेपेला 50. आकडे मुद्दाम टक्क्यांत देते आहे, म्हणजे वाचणारीला ते आपल्या पगाराशी ताडून पाहता येतील.

अशा लोकांची चाल सर्वांना माहीत असते. आधी मोफत तपासणी, मग भीती, मग आज रात्रीच संपणारी सवलत. मलाही ती माहीत होती, आणि पैसे दुप्पट करून देणाऱ्यांचे फोन मी कित्येकदा तोडलेले आहेत. परंतु ज्या विषयावर आपण आईशीही कधी धड बोललेलो नसतो, त्यावर कोणी "ताई, लाजू नका" म्हणत अर्धा तास शांतपणे ऐकून घेते, तेव्हा मनाचा पहारा सुटतो. मला भोळी म्हणणाऱ्यांनी आधी एवढे सांगावे की, हा प्रश्न त्यांनी स्वतः शेवटचा कुणाला विचारला होता.

आता तो क्षण. तो आठवला की अजूनही माझा स्वतःवर संताप होतो. त्या बाईने पाठवलेल्या मोफत संचात पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा (तो जितका कमी, तितके आम्ल जास्त), मोजण्याच्या 20 पट्ट्या होत्या. मी पट्टी वापरली तो पाळीचा चौथा दिवस होता आणि पट्टीवर लालसर छटा दिसत होती. "पाळी पूर्ण थांबलेली नाही, चालेल ना?" असे मी आपणहून विचारले. "चालेल," ती म्हणाली. पट्टीने 7 दाखवले. निरोगी योनीचा पीएच 3.8 ते 4.5 असतो, तुमचे संरक्षण संपले आहे, आता संसर्ग गर्भाशयापर्यंत चढेल आणि पुढे मूल होणे अवघड होईल, असे तिने एका दमात सांगितले. त्यातला पहिला आकडा खरा आहे, म्हणूनच बाकीचे सगळे मला खरे वाटले. जे तिने सांगितले नाही ते असे की, रक्ताचा पीएच सुमारे 7.4 असतो, वीर्यही अल्कधर्मी असते, त्यामुळे पाळीत किंवा संबंधानंतर घेतलेल्या मापाला काहीही अर्थ नसतो. आणि रजोनिवृत्तीनंतर तर हा आकडा एरवीही वाढतो. त्याच संध्याकाळी मी दुसरी पट्टी नुसत्या नळाच्या पाण्यात बुडवली आणि तिच्यावरही तोच रंग आला. मी तिला कळवले. पाण्यातही जंतू असतात, असे उत्तर आले. ते उत्तर मी वहीत उतरवून घेतले, आणि पैसे पाठवले.

पहिल्या खेपेला आलेल्या बाटलीसोबत लांब नळी होती. बाटलीतले द्रावण दिवसातून दोनदा आत सोडून धुवायचे, असे 14 दिवस. नवव्या दिवशी आग होऊ लागली, पातळ करडा स्राव आणि माशासारखा वास सुरू झाला. "साठलेले विष बाहेर पडते आहे," असे म्हणून तिने दुसऱ्या खेपेच्या गोळ्या आत ठेवायला दिल्या. उपचाराने त्रास वाढला आणि विकणारा त्यालाच गुण म्हणू लागला, की तिथेच थांबा. तिसऱ्या खेपेला योनीमार्ग 'पूर्ववत घट्ट' करणाऱ्या लेझरची आगाऊ रक्कम घेतली गेली. अशा उपकरणांच्या या वापराविरुद्ध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै 2018 मध्येच जाहीर इशारा दिला होता आणि त्यात भाजणे, व्रण व दीर्घकाळच्या वेदना यांचा उल्लेख होता. तो मी पैसे गेल्यावर वाचला.

अखेर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आतून तपासले, स्रावाचा नमुना काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडून होणारा संसर्ग, असल्याचे सांगितले. मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकाच्या सात दिवसांच्या उपचाराने तो बरा झाला. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू राहतात, ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आम्लामुळे इतर जंतूंना पाय रोवता येत नाहीत. आतून धुण्याने हीच घडी विस्कटते. मी निरोगी शरीर घेऊन या बाईकडे गेले होते. संसर्ग तिच्याच धुण्यातून आला असावा, असे डॉक्टरांचे मत पडले. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवा, हवा तर सौम्य, बिनवासाचा साबण वापरा. आत काहीही नको, सुगंधी तर मुळीच नको. रोज थोडे पांढरे जाणे हा रोग नव्हे. खाज उठली की बुरशीचे औषध आपल्या मनाने लावू नका, कारण प्रत्येक खाज बुरशीची नसते. लायकेन स्क्लेरोसससारख्या त्वचारोगातही खाज येते, कातडी पांढरी पडते, आणि तो उपचारांविना राहिला तर व्रण होतात व कर्करोगाचा थोडा धोकाही असतो.

तक्रारीचे काय झाले, तेही ऐका. पोलिसांच्या खोलीत सहा माणसे बसलेली असताना मला मोठ्याने विचारण्यात आले, "नेमके कुठे लावायचे औषध?" पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवले, तेव्हा ही चोरी नव्हे, असे सांगून त्यांनी मला ग्राहक तक्रार कक्षाकडे धाडले. तिथून औषध नियंत्रण कार्यालयाकडे. तिथल्या अधिकाऱ्यांनी बाटली उलटीसुलटी करून पाहिली आणि बारीक अक्षरांतल्या ओळीवर बोट ठेवले: 'फक्त बाह्य वापरासाठी'. हे प्रसाधन आहे, औषध नव्हे, तेव्हा आमच्याकडे येत नाही. शिवाय आत वापरले असेल तर चूक तुमची. नळी त्यांनीच दिली होती, हे मी दाखवले. नळीवर कंपनीचे नाव नाही, असे उत्तर मिळाले. आत वापरायला फोनवर सांगितले, हे सांगितले. ध्वनिमुद्रण आहे का, असा प्रश्न आला. रुग्णाला घाबरवून, तिच्या लाजेच्या आड उभे राहून, कागदावर एक आणि कानात दुसरेच सांगणाऱ्याला मोकळे सोडायचे आणि पुरावा मात्र जिची आग होते आहे तिने ठेवायचा, हा कुठला न्याय? पैसे भरणा करणाऱ्या कंपनीने दोन ओळींचे उत्तर पाठवून प्रकरण बंद केले. म्हणून सांगते, कोणी शरीराबद्दल फोनवर सल्ला देऊ लागले की तो लेखी मागा, आणि बाटलीवरचे प्रत्येक अक्षर पैसे देण्याआधी वाचा.

मी तक्रार मागे घेतलेली नाही. वही, बाटली, ती निनावी नळी आणि उरलेल्या 18 पट्ट्या एका पाकिटात बंद करून ठेवल्या आहेत. पुढच्या वेळी त्या खोलीत जाईन तेव्हा सहा माणसांसमोर 'योनी' हा शब्द मीच आधी उच्चारणार आहे.