म्हामाय कामतांची कागदपत्रं बघायला पर्वरीला गेलो, जाच तुम्हीपण

आमचं आडनाव कामत, म्हणून आधी एका ऑनलाइन वंशावळवाल्याला पैसे भरले होते, त्यानं कुठलेही कामत उचलून एका झाडावर टांगले, फार वाईट वाटलं. मग मित्र म्हणाला गोव्यात पर्वरीला झेवियर सेंटर म्हणून इतिहास संशोधनाची संस्था आहे, तिथं म्हामाय कामतांचे कागद आहेत ते बघ. हे पणजीचं व्यापारी घराणं, १८व्या-१९व्या शतकातलं, फ्रेंचांची दलाली करायचे, अफू, कापड सगळा व्यवहार, आणि हो, गुलामांचापण, ते वाचताना घशात अडकतं पण लपवून काय उपयोग. पोर्तुगीज, फ्रेंच आणि मोडीतलं मराठी, सगळं एकाच घरातलं!

मोडीचा एक कागद समोर आला तेव्हा मी नुसता बघत बसलो. आधी सरळ लांब रेघ ओढलेली, तिला अक्षरं लटकलेली, दोन शब्दांत जागाच नाही, कडेला वाळवीची भोकं. दोन तासांत जेमतेम चार ओळी लागल्या, पण त्यातला एक शब्द माझी आजी बोलायची तोच निघाला, अंगावर काटा आला हो.

एक लक्षात ठेवा, पोर्तुगीज कागदांत कामतचं कामोतिम होतं, प्रभूचं पोरोबो, शेणवीचं सिनाय, तसंच शोधा नाहीतर काहीच मिळणार नाही. आणि आडनाव जुळलं म्हणजे नातं लागलं असं नाही, माझं अजून लागलेलं नाही. जायच्या आधी फोन करा, पेन्सिल न्या. मोडी येत असेल तर सोन्याहून पिवळं, मी आता क्लास लावलाय.

पाचपैकी पाच.